काळी जमीन, तापलेली सडक आणि टायरची निवड

दोन टन वजनाची फोर बाय फोर गाडी जमिनीला चारच ठिकाणी टेकते. वजन सारखे वाटले गेले तर एकेका टायरवर सुमारे ५०० किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर हा भार साधारण २२० चौरस सेंटिमीटर रबरावर तोलला जातो. इंजिनाचा जोर, तो चारही चाकांना पोचवणारी यंत्रणा, ब्रेक आणि स्टिअरिंग या सगळ्यांचे काम अखेर रबराच्या या चार तुकड्यांवर येऊन ठेपते. गाडी घेताना इंजिनाची आणि मायलेजची जेवढी चौकशी होते, तेवढीच टायरची व्हायला हवी. परभणी जिल्ह्यात तर ती अधिक बारकाईने व्हायला हवी, कारण इथली जमीन एकाच वर्षात तीन वेगवेगळी रूपे धारण करते आणि टायरला या तिन्ही रूपांशी जुळवून घ्यावे लागते.

जमिनीची तीन रूपे

परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पालम आणि पूर्णा हे जिल्ह्याचे नऊ तालुके. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत त्यांचा बहुतेक भाग येतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली काळी माती हे या भागाचे मुख्य धन आहे. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा ही पिके याच मातीवर उभी आहेत. या मातीत चिकण कणांचे प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के, काही ठिकाणी त्याहूनही अधिक असते. हे कण स्मेक्टाइट गटातल्या खनिजांचे असतात. त्यांच्या थरांमध्ये पाणी शिरले की ते फुगतात आणि पाणी गेले की आकसतात.

उन्हाळ्यात ही जमीन आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ढेकूळ दगडासारखे टणक होते. हे पहिले रूप. मृगाचा पाऊस मुरला, वरचे पाणी ओसरले आणि माती मुठीत दाबल्यावर गोळा होऊन खाली टाकताच फुटू लागली, की वापसा आला असे शेतकरी म्हणतो. हे दुसरे रूप. झड लागली की तिसरे रूप दिसते. माती फुगते, चिकट होते आणि पायातल्या चपलेला किलोभर गोळा धरून राहते. कोरड्या रानात साधी मोटारसुद्धा चालते. वापशावर बरा टायर असलेली फोर बाय फोर सहज निघते. तिसऱ्या रूपात मात्र टायर, हवेचा दाब आणि चालकाची समज या तिन्हींची एकदमच परीक्षा होते.

जिल्ह्यात सगळीकडे काळे रान नाही. उत्तरेकडे जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात, येलदरी धरणाच्या परिसरात मुरमाड जमीन आणि धारदार कडांचे बेसाल्टचे दगड आहेत. दक्षिणेला गंगाखेडच्या बाजूने बालाघाटचे माळ लागतात. गोदाकाठी गाळाची मळई आणि नदीची वाळू आहे. या सगळ्यांच्या मधून कल्याण ते निर्मल हा राष्ट्रीय महामार्ग ६१ पाथरी, मानवत, परभणीवरून नांदेडकडे जातो. परभणीच्या माणसाची मोठी गाडी आठवड्याभरात महामार्ग, गावातला सिमेंट रस्ता, खडीचा रस्ता आणि शेताकडे नेणारी मातीची पांदण या सगळ्यांवरून फिरते. टायर निवडताना पहिला हिशेब हाच करायचा असतो: वर्षभराच्या धावेपैकी किती किलोमीटर डांबरावर, किती खडीवर आणि किती मातीत?

पांदणीत चाक कसे रुतते

ओल्या पांदणीत गाडी उतरली की पहिल्या काही फेऱ्यांतच टायरच्या खाचा मातीने भरतात. खाचा भरल्या की टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. आता रबर मातीला धरत नाही, मातीच मातीवर घसरू लागते. चालक घाबरून रेस वाढवतो, चाक जागच्या जागी फिरते आणि दर फेरीला खाली उकरत जाते. एक वीत खोल गेले की गाडीचा खालचा भाग चाकोरीच्या मधल्या वरंब्यावर टेकतो. गाडी पोटावर बसली, की चारही चाके फिरत राहिली तरी त्यांच्यावर भार उरलेला नसतो. भार नाही, म्हणून पकडही नाही.

काळ्या मातीची दुसरी खोड याहून चिवट आहे. टायरला चिकटलेला गोळा वर जाऊन मडगार्डच्या आत थापला जातो आणि थरावर थर चढत टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट बुजवतो. बैलगाडी आणि सायकलवाल्यांना हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आहे. सायकल पांदणीतून खांद्यावर घेऊनच यावी लागे. मोठ्या गाडीत ताकद असते म्हणून चाक लगेच थांबत नाही, पण तो थर टायरच्या बाजूला घासत राहतो आणि सेन्सरच्या वायरी तोडतो. चिखलाचा उरलेला वाटा रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसतो. दुसऱ्या दिवशी महामार्गावर गाडी ८०च्या वेगाला गेली की स्टिअरिंग थरथरू लागते. पुष्कळदा बॅलन्सिंग बिघडले असे समजून पैसे खर्च होतात, आणि रिमच्या आतला चिखल धुतला की थरथर थांबते.

लाकडी चाकापासून ट्रॅक्टरच्या गोट्यापर्यंत

या मातीत कोणते चाक चालते, हा प्रश्न मोटारीच्या आधीपासूनचा आहे. जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची अरुंद धाव चढवलेली असे. ती वरचा मऊ थर कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जाई, पण भार वाढला की तितकीच खोल रुते. पुढे हवेचे रबरी टायर लावलेली टायरगाडी आली. रुंद टायर भार पसरवतो, त्यामुळे तेवढ्याच बैलांना अधिक माल ओढता येऊ लागला. अरुंद चाक कापत जाते आणि रुंद चाक तरंगत जाते, हे दोन्ही गुण आजच्या टायरमध्येही जसेच्या तसे आहेत. मऊ थर पातळ असेल तर अरुंद टायरला खालची घट्ट जमीन सापडते. मऊ थर खोल असेल, किंवा गोदाकाठची वाळू असेल, तर रुंद टायर बरा.

जुन्या विलिज जीपच्या टायरचा आकार ६.००-१६ होता. दोन चाकांनी ओढणाऱ्या कित्येक ट्रॅक्टरांच्या पुढच्या टायरचा आकारही ६.००-१६ असतो. आकार एकच, पण घडण वेगळी. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर गोल फिरणाऱ्या उभ्या धारा असतात. त्या दिशा धरून ठेवतात, ओढत मात्र नाहीत. जीपच्या टायरवर आडवे ठोकळे असत, पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखीच पकड घेणारे. टायरचा आकार पाहून त्याचे काम कळत नाही, त्याची नक्षी पाहावी लागते, हा धडा या जोडीत आहे.

खरा धडा ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये आहे. त्याचे उंच, तिरके गोटे एकमेकांपासून दूर असतात आणि मधोमध व्हीच्या आकारात येतात. व्हीचे टोक आधी जमिनीला टेकते आणि चिखल मधून दोन्ही बाजूंना बाहेर ढकलला जातो. दोन गोट्यांमधली जागा मोठी असल्याने गोळा तिथे अडकून राहत नाही, चाक फिरताना निसटून पडतो. हाच टायर उलटा बसवला, तर चिखल मध्यभागी गोळा होतो आणि ट्रॅक्टर जागीच फिरतो. पकड वाढावी म्हणून टायरमध्ये पाऊण भागापर्यंत पाणी भरण्याची पद्धतही जुनी आहे, कारण चाकावर भार असल्याशिवाय गोटा जमिनीत रुतत नाही. परभणीला १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात माती आणि चाक यांचे हे नाते अभ्यासाचाच विषय आहे.

यावरून चिखलाच्या टायरची कसोटी मिळते. खाचा खोल असण्यापेक्षा त्या रुंद आणि बाजूंना मोकळ्या असणे अधिक महत्त्वाचे. स्वतःला झाडून घेणारा टायर काळ्या रानात चालतो.

एचटी, एटी आणि एमटी

बाजारात मोठ्या गाड्यांचे टायर मुख्यतः तीन जातींचे मिळतात. एचटी म्हणजे सडकेचा टायर. याचे ठोकळे जवळजवळ असतात, खाचा अरुंद असतात, नव्या टायरची खोली साधारण आठ-नऊ मिलिमीटर असते. डांबरावर तो शांत चालतो, ब्रेक चांगला लागतो, डिझेल कमी खातो. ओल्या काळ्या मातीत मात्र तो सर्वांत आधी भरतो.

एमटी म्हणजे चिखलाचा टायर. मोठे, सुटे ठोकळे, रुंद खाचा, खांद्यावरही पकड घेणारे कंगोरे आणि १३ ते १६ मिलिमीटरपर्यंत खोली. पांदणीत तो ट्रॅक्टरच्या टायरसारखी माती झाडतो. पण सडकेला टेकणारे रबर कमी असल्याने ओल्या डांबरावर ब्रेकचे अंतर वाढते, आवाज होतो, टायर जड असल्याने डिझेल अधिक लागते आणि ठोकळे लवकर, वेडेवाकडे झिजतात. वाळूत तर एमटीचे ठोकळे फावड्याचे काम करतात आणि चाक खाली उकरतात.

एटी हा दोन्हींच्या मधला. खोली साधारण दहा ते तेरा मिलिमीटर, ठोकळे एचटीपेक्षा सुटे आणि एमटीपेक्षा जवळ. खडी, मुरूम, कोरडी पांदण आणि वापशावरचे रान यांवर तो पुरतो. डांबरावरही फारसा त्रास देत नाही. महिंद्रा थारसारख्या गाड्या कारखान्यातूनच एटी टायरवर येतात. एटी नावाखाली मिळणाऱ्या टायरांमध्येही मोठा फरक असतो. काहींची नक्षी जवळजवळ एचटीसारखी असते. दुकानात नावावर न जाता टायरच्या खांद्याकडे पाहावे. तिथल्या खाचा बाहेरच्या बाजूला मोकळ्या उघडत असतील तर माती निघून जाईल. तिथे बंद कड असेल तर माती आतच राहील.

टायरवरचे ‘एम प्लस एस’ हे चिन्ह चिखल आणि बर्फ यांसाठी असल्याचे सांगते, पण ते नक्षीतल्या मोकळ्या जागेच्या प्रमाणावर दिले जाते, चिखलात चालवून पाहून नव्हे. डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह बर्फातल्या चाचणीचे आहे. परभणीत त्याचा उपयोग नाही.

टायरच्या अंगावरची अक्षरे

टोयोटा फॉर्च्युनरच्या एका टायरवर २६५/६० आर १८ ११० एच असे लिहिलेले असते. २६५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के. आर म्हणजे रेडियल. १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. ११० हा भारांक, म्हणजे एका टायरला १,०६० किलो. एच हे वेगाचे अक्षर, ताशी २१० किलोमीटरपर्यंत. क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९० अशी बाकीची अक्षरे. एटी आणि एमटी टायरांवर वेगाचे अक्षर खालचे असणे सामान्य आहे. भारांक मात्र गाडीच्या दारावरच्या पट्टीत दिलेल्या अंकापेक्षा खाली कधीही घेऊ नये. खताची पोती, बियाणे आणि माणसे घेऊन जाणाऱ्या गाडीत हा अंक चुकला तर प्राणाशी गाठ असते.

अंकांच्या आधी किंवा नंतर एलटी असेल, तर तो मालवाहू घडणीचा, अधिक जाड थरांचा टायर. तो काटा आणि दगड चांगले सोसतो, पण जड असतो आणि तेच वजन पेलायला त्याला थोडी जास्त हवा लागते. साध्या टायरचा हवेचा आकडा त्याला तसाच लावू नये. जुन्या पद्धतीच्या टायरांना बाजारात ‘नायलॉन’ म्हणतात. त्यांची बाजू चिवट असते, परंतु महामार्गाच्या वेगाला ते लवकर तापतात. मोठ्या गाडीला रेडियलच हवा.

चार आकड्यांचा एक शिक्का टायर कधी तयार झाला ते सांगतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायर विकत घेताना हा शिक्का स्वतः वाकून पाहावा. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे, तेही तिथेच दिसते. काही टायरांवर तापमानाची ए, बी, सी अशी प्रत असते. मराठवाड्याच्या उन्हात ए किंवा बी पाहावी.

मोठा टायर बसवावा का

गाडी उंच दिसावी आणि चिखलात पोट टेकू नये, म्हणून मोठा टायर बसवण्याची हौस मोठी आहे. तिचा हिशेब सोपा आहे. थारच्या २५५/६५ आर १८ टायरचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर येतो. त्याच्या जागी २६५/७० आर १८ बसवला तर व्यास ८२८ मिलिमीटर होतो, म्हणजे पाच टक्क्यांनी मोठा. गाडी प्रत्यक्षात उचलली जाते त्याच्या निम्मी, दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०५ने धावत असते, सगळ्याच गिअरांत ओढ पाच टक्क्यांनी घटते आणि लो गिअरमधला ओढा नेमका चिखलात कमी पडतो. ब्रेक, बेअरिंग आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर वाढीव वजन येते ते वेगळेच.

काळ्या रानात याहून मोठी अडचण मडगार्डच्या फटीची. मोठा टायर ती फट कमी करतो आणि चिकट माती तिथे लवकर थापली जाते. ज्या चिखलासाठी टायर मोठा केला, तोच चिखल त्याला अडवतो. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही. अपघातानंतर विम्याचा दावा करताना हा मुद्दा पुढे येऊ शकतो.

उत्पादकाने त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेला आकार हा सुरक्षित पर्याय. फॉर्च्युनरच्याच दोन आकारांत २६५/६० आर १८ चा व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर आणि २६५/६५ आर १७ चा सुमारे ७७६ मिलिमीटर आहे. व्यास जवळजवळ तोच, पण १७ इंची रिमवर टायरची बाजू सव्वा सेंटिमीटर अधिक उंच मिळते. खडीवर आणि खड्ड्यात ही उंच बाजू रिम वाचवते. खेड्यात गाडी चालवणाऱ्याला मोठ्या चकचकीत रिमपेक्षा लहान रिम आणि उंच बाजू अधिक कामाची. रिम लहान करताना आतल्या ब्रेकला जागा पुरते का, हे मात्र आधी तपासावे लागते.

हवा

टायरची अर्धी निवड हवा करते. वर सांगितलेला ५०० किलोचा भार ३३ पीएसआयला सुमारे २२० चौरस सेंटिमीटरवर टेकतो. हवा २० पीएसआयवर आणली, की तोच भार सुमारे ३५० चौरस सेंटिमीटरवर पसरतो. टायर लांबट होऊन अधिक ठोकळे जमिनीला लावतो, वाकतो आणि वाकताना खाचांतली माती सोडतो. म्हणून वाळूत आणि मऊ रानात हवा कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. १८ ते २२ पीएसआयच्या खाली जाऊ नये. फार कमी हवेत वळताना ट्यूबलेस टायरची कड रिमवरून सुटते. हवा कमी असताना वेग ताशी २०-३० किलोमीटरच्या आत ठेवावा आणि डांबरावर चढण्याआधी ती पूर्ववत भरावी. गाडीत बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप आणि हवा मोजण्याचे मीटर असेल, तरच हा उपाय करावा.

धारदार बेसाल्टच्या दगडांवर हवा फार कमी करू नये. बाजू फुगून बाहेर येते आणि दगडाच्या कडेला लागते.

फोर बाय फोर लो गिअरमध्ये, दुसऱ्या गिअरवर, रेस न वाढवता आणि न थांबता जाणे ही चिखलातली रीत. चाक एकदा जागी फिरू लागले की लगेच थांबावे. गाडी पोटावर बसण्याआधी थांबलेला चालक पुढे-मागे करून निघू शकतो. चाकापुढची माती उकरून तुराट्या, पऱ्हाट्या किंवा रिकामी पोती आडवी अंथरली की टायरला पकड मिळते. ट्रॅक्टरने ओढायचे झाल्यास पट्टा गाडीच्या ओढण्याच्या हुकालाच बांधावा, बंपरला नव्हे, आणि ओढताना माणसांना दूर उभे करावे. पट्टा तुटला तर त्याचा तुकडा जीवघेणा ठरतो.

उन्हाळा आणि महामार्ग

परभणीचा एप्रिल-मे ४२ ते ४४ अंशांचा, काही वर्षी त्याहून कडक. डांबराचा पृष्ठभाग हवेपेक्षा बराच अधिक तापतो. टायर फुटण्याचे खापर बहुधा जास्त हवेवर फुटते, पण उन्हाळ्यात टायर मारते ती कमी हवा. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेरीला वाकते-उलगडते आणि त्या वाकण्यातून उष्णता तयार होते. सततच्या वेगात ती बाहेर पडायला वेळ मिळत नाही, रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटतात आणि टायर उडतो.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजावी. तापमान पाच-सहा अंशांनी बदलले की दाब सुमारे एक पीएसआयने बदलतो. मे महिन्याच्या दुपारी बरोबर भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे पाच-सहा पीएसआयने कमी भरते. तापलेल्या टायरमधून हवा काढून आकडा जुळवणे ही चूक आहे, कारण टायर थंड झाला की तीच हवा कमी पडते. नायट्रोजन भरल्याने चमत्कार होत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरवड्याला मोजलेली साधी हवा ही न मोजलेल्या नायट्रोजनपेक्षा हितकर आहे.

परभणीहून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या आता जालन्याला समृद्धी महामार्गाला लागतात. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी. तासन्‌तास एकाच वेगाने काँक्रीटवर धावताना टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाला प्रवेशावरच टायर तपासावे लागले. पांदणीतून आलेला, बाजूला चीर किंवा फुगा असलेला टायर घेऊन अशा मार्गावर जाणे म्हणजे स्वतःचा आणि दुसऱ्याचाही जीव धोक्यात घालणे आहे.

पहिल्या पावसाचा धोका वेगळा. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी शेतातून आणलेली माती डांबरावर पडून असते आणि जूनच्या सरीत तिचा निसरडा लेप होतो. अशा रस्त्यावर चिखलाचा टायर सडकेच्या टायरपेक्षा कमी धरतो. ओल्या रस्त्यावरची पकड ही आता टायरची सक्तीची चाचणी आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरांना आणि १ एप्रिल २०२३ पासून आधीच्या रचनांनाही तिचे निकष लागू झाले.

पूर आलेल्या पुलावर कोणताही टायर उपयोगी पडत नाही. १ आणि २ सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीने परभणी, हिंगोली आणि नांदेडमध्ये ओढे-नाले पात्र सोडून वाहिले. दोन फूट वाहते पाणी मोठी गाडीसुद्धा उचलून नेऊ शकते, कारण पाण्यात गाडी हलकी होते आणि टायरवरचा भारच नाहीसा होतो.

काटा, धसकट आणि दगड

परभणीच्या रानात टायरचा रोजचा शत्रू धसकट आहे. तूर आणि कापूस काढल्यावर तिरके कापलेले बुडखे जमिनीत उभे राहतात, वाळून खिळ्यासारखे कडक होतात आणि टायरच्या बाजूत शिरतात. पांदणीच्या दोन्ही अंगांना बाभळीचे आणि वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात. जाड ठोकळ्यांचा एटी टायर काटा बहुधा वरच अडवतो, पण बाजूला ठोकळे नसतात. बाजूला दोनऐवजी तीन थर असलेला टायर इथे पैसे वसूल करतो.

ठोकळ्यांच्या भागातले पंक्चर दुरुस्त होते. बाहेरून घातलेली स्ट्रिप घरी पोचण्यापुरती बरी. लांबच्या वेगवान प्रवासाआधी टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्यावा. बाजूची चीर मात्र दुरुस्त होत नाही, तो टायर बाद समजावा. २०२० च्या नियमबदलाने ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाचा सेन्सर आणि दुरुस्ती किट असलेल्या लहान-मोठ्या गाड्यांना स्टेपनीशिवाय येण्याची मुभा मिळाली. किटचा डिंक बाजूची चीर भरत नाही. परभणीच्या खेड्यात पूर्ण आकाराची स्टेपनी असायलाच हवी.

चारही टायर एकसारखे

फोर बाय फोर गाडीची ही अट दोन चाकांनी ओढणाऱ्या गाडीपेक्षा कडक आहे. बऱ्याच मोठ्या गाड्यांत फोर-हाय किंवा फोर-लो लावल्यावर पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांशी घट्ट जोडला जातो. दोन टायर नवे आणि दोन झिजलेले असतील तर त्यांचा परीघ वेगळा, म्हणून एका फेरीत कापलेले अंतर वेगळे. मातीत हा फरक घसरून निघून जातो. डांबरावर तो ट्रान्सफर केस आणि दांड्यांवर ताण बनून साठतो. म्हणून आकार, कंपनी, नक्षी आणि झीज चारही चाकांची जुळती हवी, आणि सुक्या डांबरावर अशा गाडीत फोर बाय फोर लावू नये.

दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला टायरची अदलाबदल करावी. स्टेपनी त्याच आकाराची असेल तर तिलाही फेऱ्यात घ्यावे, म्हणजे पाचही टायर सारखे झिजतात आणि एक नाहक जुनाट होत नाही. अदलाबदलीच्या वेळीच अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावे. पांदणीच्या खड्ड्यांनी अलाइनमेंट बिघडते आणि टायर एका बाजूने खाल्ला जातो.

कायद्याने या गाड्यांच्या टायरची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचांच्या तळाशी असलेले रबराचे आडवे उंचवटे तेवढ्याच उंचीचे असतात. टायर त्यांच्या बरोबरीला आला की बाद. प्रत्यक्षात तीन मिलिमीटरखालचा टायर ओल्या महामार्गावर पाणी कापू शकत नाही, आणि चिखलात तर त्याच्या आधीच निकामी होतो. पावसाळ्याच्या तोंडावर खोली मोजणे ही चांगली सवय. वापर कमी असला तरी पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा. उन्हात उभ्या गाडीचे रबर कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात आणि खोली शिल्लक असूनही पकड जाते.

कोणाला कोणता

ज्यांची गाडी बहुतेक महामार्गावर आणि शहरात फिरते आणि शेतात जाणे वापशावरच होते, त्यांना कंपनीच्या आकाराचा चांगला एचटी किंवा सौम्य नक्षीचा एटी पुरतो. ज्यांचा रोजचा रस्ता खडी, मुरूम आणि पांदण असा मिश्र आहे, त्यांच्यासाठी मोकळ्या खांद्याचा, तीन थरांच्या बाजूचा, ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला एटी हाच योग्य टायर. परभणीच्या बहुसंख्य फोर बाय फोर गाड्या याच गटातल्या आहेत. जिंतूरच्या डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी एलटी घडणीच्या एटीचा विचार करावा. एमटी त्यांनीच घ्यावा, ज्यांचे घर किंवा शेतातला आखाडा खरोखर अशा पांदणीच्या टोकाला आहे की पावसाळ्यात दुसरा मार्गच नाही, आणि ज्यांची गाडी महामार्गावर क्वचित जाते.

टायर दूरच्या कारखान्यातूनच यायला हवा असेही नाही. गुडइयरचा कारखाना मराठवाड्यातच वाळूजला आहे, सिएटचा नाशिकला. त्याच आकाराचा, ताज्या शिक्क्याचा आणि हमीचा टायर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो. नेहमीच्या वापरातला आकार ठेवण्याचा हा आणखी एक फायदा. सोयाबीनच्या काढणीत बाजूला चीर गेली, तर हौसेने बसवलेल्या वेगळ्या आकाराचा टायर आठवडाभर मिळत नाही.

२०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून पांदणींवर खडी-मुरूम पडू लागला आहे. एक किलोमीटर पांदण पक्की झाली की त्या शिवारातल्या प्रत्येक शेतकऱ्याची बैलगाडी, दुचाकी, ट्रॅक्टर आणि गरज पडल्यास रुग्णवाहिकाही बारा महिने चालते. महागडा एमटी फक्त एकाच गाडीला मार्ग देतो. म्हणून गावाने पक्क्या पांदणीसाठी आग्रह धरावा, आणि ती होईपर्यंत प्रत्येक मालकाने आपल्या वर्षभराच्या रस्त्याचा हिशेब करून टायर घ्यावा, हवा नियमाने मोजावी आणि जमीन वापशावर नसेल तेव्हा गाडी बांधावरच ठेवून पुढे पायी जावे.